चौदा नंबरची चिठ्ठी

माझ्या मामांनी एकतीस वर्षं गाणी ऐकण्याची नोकरी केली आणि त्यांना एकही गाणं पाठ नाही. हे मी लोकांना गंमत म्हणून सांगायचो. आता सांगत नाही. त्यांच्याविषयी गमतीने बोलायचा हक्क मी पाच महिन्यांपूर्वी घालवून बसलो. तो कसा घालवला, ते लिहायला बसलोय.

मामा तबकड्यांच्या कारखान्यात तपासणीला होते. काचेची एक छोटी खोली, टेबलावर यंत्र, कानांवर जाडजूड हेडफोन आणि समोर पिवळ्या चिठ्ठ्यांची चवड. नव्या गाण्याची पहिली तबकडी, म्हणजे नमुना, बाहेर पडला की आधी तो मामांच्या खोलीत यायचा. गाणं चांगलं की वाईट हे ठरवणारे साहेब वेगळे. मामांनी ऐकायचं ते गाण्याच्या मागचं. कुठे टक् झालं, कुठे खरखरलं, कुठे वादकाची खुर्ची करकरली, कुठे कोणी घसा खाकरला. तसं काही सापडलं की तबकडीच्या कागदावर लाल फुली मारायची आणि पिवळी चिठ्ठी भरायची. चिठ्ठीत चार रकाने होते: दोष, जागा, कारण, कोणाकडून. खाली तपासणाऱ्याचा नंबर. मामांचा नंबर चौदा.

असा कान घेऊन घरात वावरणारा माणूस म्हणजे घरच्यांना शिक्षाच. शेजाऱ्यांचा पंखा बिघडणार हे शेजाऱ्यांच्या आधी मामांना कळायचं. मामी होती तेव्हा म्हणायची, "ह्यांच्या घरात उसासा टाकायचीही चोरी!" मी लहानपणी त्यांच्याकडे राहायला गेलो की पाय न वाजवता चालायला शिकून परत यायचो. पण एक होतं. मामांनी कधी खोटी फुली मारली नाही, आणि मारलेली फुली कधी खोडली नाही. मोठ्या गायकांनी दारात येऊन डोळे वटारले तरी मामा शांतपणे म्हणायचे, "तिसऱ्या मिनिटाला ऐका. मग बोला."

आता माझ्याविषयी. माझं जुन्या तबकड्यांचं दुकान आहे. सगळं जग खिशातल्या फोनवर गाणी ऐकत असताना मी तबकड्या विकतो, आणि बऱ्यापैकी विकल्या जातात. गिऱ्हाईक बहुतेक तरुण. कोणी भिंतीवर लावायला नेतं, कोणी खरंच वाजवतं. मी त्यांच्यापुढे भाषण देतो. तबकडीच्या आवाजात ऊब असते, फोनमधला आवाज म्हणजे नुसता सांगाडा, ही जी किरकिर येते ना, तिच्यातच तर जीव आहे! हे शेवटचं वाक्य मी डोळे मिटून म्हणायचो. दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर त्याचे व्हिडिओ आहेत. लोकांना आवडतात.

मामा निवृत्त झाल्यापासून दुपारी माझ्या दुकानात येऊन बसायचे. बसायचे माझ्या दुकानात आणि ऐकायचे स्वतःच्या फोनवर, कानात बोंडं घालून. एकदा मी चिडून विचारलं, "मामा, तुम्ही तरी?" ते म्हणाले, "अरे शहाण्या, ह्यात किरकिर नाही. मी एकतीस वर्षं जे काढत बसलो, ते ह्यांनी काढून दाखवलं. आणि तू तेच परत डब्यात भरून विकतोस." शहाण्या हे त्यांनी मी पाच वर्षांचा असताना मला ठेवलेलं नाव. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला अजून नीट कळलेलं नाही.

खरी नाचक्की पुढेच झाली. दुकानातल्या स्पीकरवर मी दिवसभर संगणकावरची गाणी लावायचो आणि त्यांवर तबकडीची किरकिर चढवायचो. तशी सोय मिळते. एका दुपारी दुकान भरलेलं असताना मामांनी कानातलं बोंड काढलं, मान तिरकी केली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ही कुठली रे किरकिर? दर आठ सेकंदांनी तीच येतेय." गिऱ्हाईकं खो खो हसली. मीही हसलो. पण मनात धरून ठेवलं, की एकदा ह्या कानाला दाखवायचंच की मलाही यातलं काही कळतं.

ती संधी मामांनीच आणून हातात दिली. एका शुक्रवारी ते आले ते छातीशी कापडी पिशवी धरून. पिशवीत जुनी, जाड, लाखेची तबकडी होती. तिच्यावर पांढुरकी बुरशी चढली होती, आणि मधल्या कागदावर लाल फुली.

"कोणाची ही?" मी विचारलं.

"चिमणीची," मामा म्हणाले.

चिमणी म्हणजे माझी आई, मामांची धाकटी बहीण. आई कधी गात होती हे मला ऐकून माहीत होतं. एकोणीस वर्षांची असताना तिचं एक गाणं मामांच्याच कंपनीने घेतलं होतं आणि मग नकाराचं पत्र आलं होतं. त्यानंतर ती गायली नाही. मला थोपटून निजवायची, पण गायची नाही. कोणी आग्रह केला तर हसत म्हणायची, "माझा आवाज नापास आहे हो." मी आईचं गाणं तोवर कधीच ऐकलेलं नव्हतं.

"ती नापास नव्हती," मामा म्हणाले. "गाणं चोख होतं. शेवटची ओळ संपली आणि आवाज घेणं चालू असल्याचा समोरचा लाल दिवा विझायच्या आत तिने विचारलं, झालं ना? एवढंच. हळूच. ते तबकडीवर आलं. नमुना माझ्याकडे आला, मी फुली मारली."

"दोन शब्द तर होते, मामा. सोडून द्यायचे."

"दुसऱ्या कोणाचं असतं तर सोडलंही असतं. एवढंतेवढं सोडत होतोच की आम्ही. बहिणीचं म्हणून सोडलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून नाही सोडलं." ते पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. "मला वाटलं, पुन्हा घेतील. नवख्या माणसाचं पुन्हा कशाला घेतात! नमुना भट्टीत टाकायला द्यायचा होता, तो मी घरी आणला. फुली कोणी मारली ते तिला माहीत नाही. साठ वर्षं झाली, मला तिच्यासमोर तोंड उघडता आलेलं नाही."

आता उघडायचं होतं, कारण वेळ उरला नव्हता. आईचा डावा कान आधीच गेला होता आणि उजवाही चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, फार तर वर्ष. मामांना आईच्या उजव्या कानाला हेडफोन लावून ते गाणं तिला एकदा ऐकवायचं होतं आणि मग फुली कोणाची ते सांगायचं होतं. त्यांचं यंत्र कधीच मोडीत गेलं होतं. माझ्याकडे होतं.

"रविवारी तिला घेऊन येतो," ते म्हणाले. "तोवर हिला हात लावू नकोस. वाजवू नकोस, पुसू नकोस. आहे तशी राहू दे. आली की एकदाच वाजवू, आणि तेव्हाच फोनमध्ये उतरवून घे."

मी "हो हो" म्हणालो. ज्याला ऐकायचंच नसतं तो जसा म्हणतो, तसा.

ते गेले आणि मी लगेच मनसुबे रचायला लागलो. रविवारी बुरशी आलेली तबकडी लावायची आणि मामांनी मान तिरकी करायची? त्यापेक्षा ती आधीच लख्ख करून, गाणं उतरवून, साफ करून ठेवलं तर? आणि व्हिडिओ केला तर? आईचा साठ वर्षांपूर्वीचा आवाज! मथळासुद्धा मी ठरवून टाकला होता.

शनिवारी सकाळी मी कॅमेरा लावला आणि स्पिरिटची बाटली काढली. दुकानातल्या तबकड्या मी नेहमी स्पिरिटनेच पुसतो, गिऱ्हाइकांसमोर, जरा ऐटीत. बोळा भिजवला आणि काठापासून गोल गोल पुसायला लागलो. बोळा काळा झाला. मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणालो, "बघा, साठ वर्षांचा मळ!" दुसरा बोळा घेतला. तोही काळा. तिसरा तर डांबरात बुडवल्यासारखा. मी आणखी जोरात घासलं. मधल्या कागदापासून दोन बोटांवर आलो तेव्हा बोळा तबकडीला चिकटायला लागला.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दुकानात मी विकतो त्या सगळ्या प्लास्टिकच्या. ही लाखेची होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे सुताराच्या हाताखालच्या पोरालाही ठाऊक असतं, कारण लाकडाला पॉलिश करतात ते त्याचंच. तबकडीचा तज्ज्ञ म्हणवणाऱ्या मला ते आठवलं नाही. बोळ्यावर निघत होता तो मळ नव्हता. ते आईचं गाणं होतं.

तबकडी सुकू दिली, सुई ठेवली. वाळूवर पत्रा ओढावा तसा आवाज. नुसती खरखर, खरखर. त्याच्या तळाशी कुठे सूर असेल म्हणून मी कान लावून बसलो, पण काही नव्हतं. मग सुई शेवटच्या दोन बोटांत आली, जिथे माझा बोळा पोचला नव्हता. तिथे एक ताणलेला सूर अचानक स्वच्छ उमटला, थांबला, आणि एका तरुण मुलीने अगदी कानाशी विचारलं, "झालं ना?"

मी यंत्र बंद केलं. व्हिडिओ पुसला. मामांना फोन करायला हवा होता. दिवसभर फोन हातात घेत राहिलो आणि खाली ठेवत राहिलो. एवढा मोठा बाप्या मी, पन्नाशी उलटलेला, आणि फुलदाणी फोडलेल्या पोरासारखी मनाशी वाक्यं जुळवत होतो. शेवटी एक जुळलं.

रविवारी आई आणि मामा आले. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. कशासाठी बोलावलंय हे तिला ठाऊक नव्हतं, पण दादाने बोलावलंय म्हणजे काहीतरी खास असणार म्हणून. ती खुर्चीत बसली तोवर मी मामांना कपाटाआड घेतलं आणि म्हणालो, "मामा, लाखेची आहे हो. इतक्या वर्षांत बुरशीने खाऊन टाकलीय. मी काल बघितली, काही उरलेलं नाही."

मामांनी तबकडी दोन तळव्यांत धरली, उजेडाकडे तिरपी केली. मग नाकाजवळ नेली. मग माझ्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना अजून काळं होतं. मी हात मागे घेतले. एकतीस वर्षं दोष, जागा आणि कारण शोधणाऱ्या माणसाला मी थाप मारायला निघालो होतो! तोंड लपवायला जागा मिळाली असती तर मी त्या कपाटातच शिरलो असतो.

मामा आईसमोर स्टूल ओढून बसले आणि तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सगळं सांगितलं. गाणं, दिवा, दोन शब्द, फुली. फुली त्यांची, हेही. आई ऐकत होती. तिचा चेहरा आक्रसत गेला. पण ती म्हणाली, "आहे ना पण तबकडी? लाव तर आधी."

मी तिला हेडफोन लावले आणि सुई ठेवली. खरखर सुरू झाली. ती वाट बघत बसली, जिवाचा कान करून. अडीच मिनिटं. मध्येच तिने हेडफोन कानाशी दाबून धरले. शेवटी तो सूर आला आणि ते दोन शब्द आले. ती दचकली. स्वतःचाच आवाज तिने ओळखला असावा.

"गाणं कुठे गेलं?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण मामा माझ्या आधी बोलले.

"मी पुसली परवा," ते म्हणाले. "स्पिरिटने. लाखेची आहे हे डोक्यातून गेलं. म्हातारा झालो."

आईने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "आधी नापास केलंस," ती म्हणाली, "आणि आता पुसूनही टाकलंस."

"हो," मामा म्हणाले.

आणि मी शेजारी उभा होतो. मान खाली घालून, दुःख झालेल्या माणसासारखा. आईला वाटलं असेल, पोराला किती लागलं! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या मिनिटात कळलं. तरीही तोंडाचं कुलूप काही निघालं नाही. आई उठली, मामांकडे न बघता बाहेर गेली आणि रिक्षात जाऊन बसली.

मामा मागे राहिले. त्यांनी माझ्याकडे कागद मागितला, टेबलाशी वाकून काहीतरी लिहिलं आणि तबकडीबरोबर पिशवीत घातलं. "ही तुझ्याकडे ठेव," म्हणाले, "भिंतीला टांगू नकोस." रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

पिशवीत दोन चिठ्ठ्या होत्या. एक पिवळी, साठ वर्षांपूर्वीची. दोष: गाण्यानंतर बोलण्याचा आवाज. जागा: अखेर. कारण: दिवा विझण्याआधी बोलणे. कोणाकडून: गायिका. तपासणारा: चौदा. दुसरी माझ्या दुकानाच्या पावतीच्या पाठीवर, त्याच चार रकान्यांत. दोष: आवाज गेला. जागा: शेवटची दोन बोटं सोडून सर्व. कारण: स्पिरिट. कोणाकडून: चौदा. बहिणीसाठी जे त्यांनी केलं नव्हतं ते माझ्यासाठी केलं होतं. खोटी चिठ्ठी भरली होती.

त्यानंतर आई मामांशी बोलेनाशी झाली. मामा माझ्या दुकानात येईनासे झाले. मी भाषणं बंद केली, किरकिर काढून टाकली, पण आईला सांगायचं ते सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. तिची तब्येत बरी नाही, पाहुणे आहेत, पाऊस आहे. डॉक्टरांचं वर्ष पाच महिन्यांतच संपलं. उजवा कानही गेला. आता तिला काही सांगायचं तर पाटीवर लिहून दाखवावं लागतं. बोलते मात्र ती, पूर्वीपेक्षा मोठ्याने.

गेल्या रविवारी सकाळी आई भाजी निवडत बसली होती. तिची पाटी शेजारी पडली होती. मी खडू घेतला, लिहिलं, आणि पुसलं. पुन्हा लिहिलं. पुसायला हात गेला तेवढ्यात तिने मान वर केली आणि पाटी ओढून घेतली.

"तबकडी मामांनी नाही पुसली. मी पुसली."

तिने ते वाचलं. चष्मा पदराला पुसला आणि परत वाचलं.

"आणि तू तिथेच उभा होतास?"

मी मान हलवली.

"मी एवढं बोलले त्याला. तो मुकाट बसला, आणि तू उभा होतास!" तिचा आवाज सगळ्या जिन्यात गेला असेल. जाऊ दे. "लाव फोन त्याला."

मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि तिच्या तोंडापुढे धरला. "दादा," ती ओरडली, "मला ऐकू येत नाही, तेव्हा तू काही बोलू नकोस. नुसतं ऐक."

आणि ती गायला लागली. भाजीच्या देठांसमोर बसून, डोळे मिटून, एकोणऐंशी वर्षांची माझी आई. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, त्यामुळे सूर कुठच्या कुठे जात होता. मधली एक ओळ ती विसरली, ती नुसती गुणगुणून काढली. मी आयुष्यात पहिल्यांदा तिचं गाणं ऐकत होतो. शेवटचा सूर तिने श्वास संपेपर्यंत ओढला, डोळे उघडले आणि मला विचारलं, "झालं ना?"

फोनमधून मामांचा आवाज आला. "शहाण्या, उतरवून घेतलंस ना?"

ज्याने स्वतःच्या भाषणांचे व्हिडिओ केले, बोळ्यावरच्या मळाचा केला, त्याने हे उतरवून घेतलं नव्हतं. अंगठा नुसता दाबायचा होता. मी फोन धरून रडत बसलो होतो.

"नाही, मामा," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. "मग तिला म्हणावं, पुन्हा घेऊ."

मी पाटीवर लिहिलं. आईने पाटी खिडकीकडे नेऊन वाचली.

"हे तेव्हा म्हणायचं होतंस, दादा," ती फोनमध्ये म्हणाली, आणि माझ्याकडे पिण्याचं पाणी मागितलं.